कॉन्व्हेंटच्या पालक समितीत चिठ्ठीने नाव निघालंय, जाऊ का नको?

पूर्वभागची_आई :

नमस्कार मंडळी. माझी मुलगी सोलापुरातल्या एका कॅथलिक कॉन्व्हेंटमध्ये तिसरीत आहे. इंग्रजी माध्यम, विनाअनुदानित. गेल्या आठवड्यात शाळेत पालक-शिक्षक संघाच्या समितीसाठी पालकांच्या चिठ्ठ्या काढल्या आणि तिसरीतून माझं नाव निघालं. मी तिथे नव्हतेच. रिक्षावाल्या काकांकडून कळलं, मग वर्गाच्या ग्रुपवर अभिनंदनाचे फुगे उडाले. आता शनिवारी पहिली मीटिंग आहे.

आमचे टॉवेलचे माग आहेत. घरात तेलुगू, बाहेर मराठी. इंग्रजी वाचता येतं, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो. नवरा म्हणतो, जा की, चहा तरी मिळेल. सासूबाई म्हणतात, शाळेशी वाकडं घेऊ नको, पोरीवर राग निघेल.

मला तीन-चार गोष्टी खरंच कळत नाहीत. पुढच्या वर्षी फी वाढणार अशी कुजबुज आहे, त्यात आमची सही लागते म्हणे. म्हणजे सही केली की वाढ मंजूर? फी कार्डासोबत 'इमारत निधी'ची एक चिठ्ठी येते, वर 'ऐच्छिक' लिहिलेलं असतं, पण खिडकीवर "तेवढं कधी भरताय?" असं विचारतात. शाळा नेमकी कुणाची, सिस्टरांची, चर्चची का ट्रस्टची? आम्ही ख्रिस्ती नाही, तर आमचं तिथे कितपत चालतं? आणि सासूबाईंचा प्रश्न वेगळाच आहे: सकाळच्या प्रार्थनेत मुलीने हात जोडायचे का नाही? कुणी अशा समितीवर असाल तर सांगा.

होटगीरोडवाला :

काय घाबरलालाव ताई. मी होतो की समितीत, दुसऱ्या एका शाळेत. चहा, दोन मारी बिस्किटं, प्रोजेक्टरवर स्पोर्ट्स डेचे फोटो, शेवटी रजिस्टर फिरतं, सही करायची, घरी यायचं. सगळं आधीच ठरलेलं असतंय. गेलाव काय, नाही गेलाव काय, फी वाढायची ती वाढतीच. एक फायदा होतंय मात्र, गॅदरिंगला पुढच्या रांगेत खुर्ची मिळती.

निवृत्त_टीचर :

होटगीरोडवाले, तुमची बिस्किटं खरी आहेत, पण ते रजिस्टर सही करण्याआधी कुणी उलटून वाचलं होतं का?

ताई, मी कॅथलिक आहे आणि उभी नोकरी आपल्याच शहरातल्या एका कॉन्व्हेंटच्या प्राथमिक विभागात झाली. शेवटची काही वर्षं याच समितीची सचिव होते, म्हणजे इतिवृत्त लिहिणारी. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या खोड्या माहीत आहेत.

शाळा कुणाची ते आधी. बहुतेक ठिकाणी मालक म्हणजे नोंदणी झालेली संस्था. ती एक तर धर्मप्रांताची, म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या भागाची असते (सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं) किंवा सिस्टरांच्या संघाची. बिशप किंवा संघाच्या वरिष्ठ सिस्टर वरती, त्यांच्या वतीने मॅनेजर म्हणून एखादे फादर किंवा सिस्टर, आणि रोजचा कारभार प्राचार्यांकडे. आता यातली गोम ऐका: मॅनेजर बदलतात, प्राचार्य बदलतात, काही वर्षांनी त्यांची बदली गोव्याला नाहीतर मंगलोरला होते. ऑफिसातला कारकून मात्र तोच राहतो. "आपल्याकडे असंच चालतं" हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल, शाळेचा निम्मा कारभार त्याच्या हातात आहे असं समजा. सिस्टरांशी भांडायची वेळ फार कमी येते. खिडकीशी येते.

तुमच्या इमारत निधीचंही तेच. ऐच्छिक म्हणजे ऐच्छिक. प्रवेशासाठी सक्तीने देणगी घेण्यावर राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. मीटिंगमध्ये आरोप करू नका, एवढंच विचारा: या चिठ्ठीवर संस्थेचा शिक्का का नाही, आणि पैसे दिले तर पावती कोणत्या नावाने मिळते? आमच्याकडे एका पालकांनी, रेल्वेत नोकरीला होते, हा प्रश्न अगदी शांतपणे विचारला. प्राचार्य सिस्टर त्याच वर्षी आलेल्या. अशी चिठ्ठी जाते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पुढच्या सत्रापासून ती बंद झाली.

फीचा कागद शनिवारी येणार नाही. कायद्याप्रमाणे पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी समितीपुढे यावा लागतो, म्हणजे दिवाळीची सुट्टी संपली की. शाळा काय करतात, तर नाताळच्या गडबडीत मीटिंग लावतात. बाहेर व्हरांड्यात येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा बांधणं चालू, आत गाण्यांची तालीम, आणि अशा वेळी पाच पानांचा हिशेब समोर. कोण वाचणार? तुम्ही प्रस्तावाची प्रत आधी मागा. घरी मागाचा हिशेब ठेवता ना, सूत किती आलं, वाया किती गेलं, मजुरी किती? तसाच तो कागद वाचायचा. विनाअनुदानित शाळेत सगळ्यात मोठा आकडा पगाराचा असायला हवा. तो तसा असेल आणि शिक्षकांना खरंच तेवढं मिळत असेल, तर वाढीला हो म्हणायला लाजू नका. मी हे शिक्षिका म्हणून सांगते. आमच्या वेळी पालकांनी एकदा फीवाढ अडवली, टाळ्या वाजवल्या, आणि दोन चांगल्या शिक्षिका जून उजाडायच्या आत दुसऱ्या शाळेत गेल्या.

सिस्टरांच्या पगाराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण व्हरांड्यात कुणीतरी विचारतंच. त्यांनी दारिद्र्याचं व्रत घेतलेलं असतं, पगार त्यांच्या संघाकडे जमा होतो. अनुदानित शाळांत या पगारावर कर कापायचा की नाही हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टाने सांगितलं, कापायचा. म्हणजे आकाशातून पडलेलं काही नाही, त्याचीही नोंद वहीत असते.

आता प्रार्थना. सासूबाईंना सांगा, घटनेच्या २८ व्या कलमात स्पष्ट आहे: सरकारमान्य शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, आणि मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते. म्हणून तर कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाच्या तासाला वेगळी बसतात आणि बाकीच्यांना मूल्यशिक्षण असतं. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शाळांना लेखी सूचना दिल्या. इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या प्रथा लादू नका, सकाळी संविधानाची उद्देशिका म्हणून घ्या, सर्वधर्म प्रार्थनेसाठी एक खोली ठेवा, असं त्यात आहे. सगळ्या शाळांनी खोली केली का? नाही. तुमच्या शाळेत आहे का, हे मात्र विचारायला हरकत नाही. हात जोडायचे का नाही ते मुलीला ठरवू दे. माझ्या वर्गातली निम्मी मुलं 'आमेन' म्हणून डबा उघडायची आणि घरी गेल्यावर सिद्धेश्वराला नमस्कार करायची. कुणाचं काही बिघडलं नाही.

"आमचं तिथे कितपत चालतं?" त्याचंही सांगते. केरळहून नव्याने आलेल्या एका प्राचार्यांनी स्नेहसंमेलन १३ जानेवारीला ठेवलं होतं. सोलापुरात! गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या ऐन तोंडावर. नंदीध्वजांची मिरवणूक, दुसऱ्या दिवशी अक्षता, अर्धं गाव रस्त्यावर, शाळेपर्यंत रिक्षा यायची कशी? आम्ही शिक्षिका एकमेकींकडे बघत बसलो, कारण वर्षाचं वेळापत्रक छापून झालेलं. पहिलीच्या एका आई, विडी कामगार, मराठीत उठून म्हणाल्या, "सिस्टर, त्या दिवशी नाचणाऱ्या पोरी येतील, बघणारे येणार नाहीत." तारीख बदलली. पुढच्या वर्षापासून वेळापत्रक छापायच्या आधी समितीला दाखवायची पद्धत पडली, आणि ही पद्धत कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही. त्याच बाईंनी नंतर गोठ्यासाठी कडबा पाठवला. आमच्या गोठ्यात गवत नसायचंच कधी, ज्वारीचा कडबा, आणि मेंढपाळांच्या खांद्यावर घोंगडीचे तुकडे. मुंबईहून आलेले एक फादर बराच वेळ बघत उभे होते.

मराठीत बोला. इंग्रजी शाळेची समिती आहे म्हणून इंग्रजीतच बोलायला हवं असं नाही. आणि फीवर सगळा वर्षभराचा जोर घालवू नका. परिवहन समिती आहे का विचारा. स्कूल बसच्या २०११ च्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत ती हवी, त्यात पालक प्रतिनिधी असतो, पोलीस आणि आरटीओचा माणूसही. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आत भरवू नका असं शासनाने २०२४ मध्ये काढलं, तेव्हा सगळ्यात मोठी अडचण रिक्षावाल्यांची झाली. एकाच रिक्षाच्या दोन फेऱ्या, मोठी मुलं आधी, लहान नंतर. वेळा बदलल्या आणि फेऱ्यांचं गणितच कोलमडलं. असल्या गोष्टी प्राचार्यांच्या टेबलावर पोचत नाहीत, तुमच्यासारख्यांना रिक्षावाल्या काकांकडून कळतात. मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीचंही विचारा, २०२२ पासून शाळांना ती बंधनकारक आहे. फलकावर नावं असतात. त्यातल्या बाईंना आपण सदस्य आहोत हे माहीत आहे का, तेवढं पाहा.

सातरस्ता_वकील :

टीचरनी बहुतेक सांगितलंय, मी फक्त कायद्याचा गुंता सोडवतो, कारण लोक दोन समित्यांची गल्लत करतात.

शिक्षण हक्क कायद्यातली शाळा व्यवस्थापन समिती वेगळी. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, पण २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याक शाळांत तिला फक्त सल्ला देण्याचा अधिकार ठेवला. २०१४ मध्ये प्रमती निकालात सुप्रीम कोर्टाने शिक्षण हक्क कायदाच अल्पसंख्याक शाळांना लागू नाही म्हटलं. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींनी त्या निकालावर शंका घेऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे जावं म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवलं. थोडक्यात, त्या वाटेने जाऊ नका.

तुमची चिठ्ठी निघाली ती महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याखाली. तिथे 'आम्ही अल्पसंख्याक' म्हणून सुटका नाही. घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना संस्था चालवायचा हक्क मिळतो, नफेखोरीचा नाही, सुप्रीम कोर्टाच्या टी. एम. ए. पै निकालापासून, म्हणजे २००२ पासून, हे ठरलेलं आहे. प्राचार्य अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांतून, सचिव शिक्षकांतून, निम्म्या महिला, तीन महिन्यांत किमान एक बैठक. मंजूर झालेली फी दोन वर्षं टिकते. समितीने ठरवलेली आणि संस्थेने मागितलेली फी यात १५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर संस्था सरकारच्या विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकते. तेव्हा होटगीरोडवाले, सही म्हणजे हजेरी नव्हे. ठराव मान्य नसेल तर सहीशेजारी 'असहमत' लिहा आणि कारण इतिवृत्तात घ्यायला लावा.

होटगीरोडवाला :

आमच्या रजिस्टरात सहीला जागा एवढीशीच ओ. असहमत कुठं लिवायचं?

निवृत्त_टीचर :

समासात. मी स्वतः तसं लिहून घेतलंय, आणि लेखापरीक्षकाने पहिल्यांदा तेच पान उघडलं.

पूर्वभागची_आई :

सगळ्यांचे आभार. आज शाळेत जाऊन मागच्या दोन वर्षांची इतिवृत्तं बघायला मागितली. खिडकीवर म्हणाले, असं कुणी मागत नाही, मागायचं तर लेखी अर्ज द्या. अर्ज मराठीत चालेल का, आणि कुणाच्या नावाने लिहू? सासूबाईंना २८ वं कलम वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मग 'आमेन' म्हटलं तरी चालतंय, पण डबा शेंगाचटणीचाच द्यायचा.

निवृत्त_टीचर :

मराठीतच लिहा. 'मा. प्राचार्य तथा अध्यक्ष, पालक-शिक्षक संघ कार्यकारी समिती' यांच्या नावाने. कारकुनाच्या नावाने लिहू नका. दोन प्रती करा आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. शिक्का कपाटात आहे म्हणतील. थांबते म्हणा. मधल्या सुट्टीत सिस्टर एकदा तरी व्हरांड्यात येतातच.