अध्याहृत, गृहीत की गर्भित? (मदत हवी आहे)

गिरगावकर: सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त तपासतोय. मसुद्यात वाक्य आहे, 'हा नियम भाडेकरूंनाही लागू आहे, हे अध्याहृत आहे.' एक सभासद म्हणतात 'गृहीत' हवं, दुसरे म्हणतात 'गर्भित'. नेमका फरक काय?

मुद्रितशोधक: 'अध्याहृत' हा मूळचा व्याकरणातला शब्द. वाक्यात उच्चारलेला नाही, पण अर्थ लावताना आणून बसवावा लागतो, तो शब्द अध्याहृत. लोकलच्या दारात मागून कोणी खांद्याला बोट लावून विचारतं, 'दादर?' इथे 'तुम्ही', 'ला', 'उतरणार का' हे सगळं अध्याहृत. जागच्या जागी भरा, अर्थ तसूभर हलत नाही. 'उतरणार नसाल तर बाजूला व्हा' हेही त्यात आहेच, पण ते त्या वाक्यात कुठेच बसत नाही. तो झाला गर्भित किंवा ध्वनित अर्थ. कसोटी एवढीच.

'गृहीत' वेगळं. ते आपण आधीच मानून चालतो, म्हणून 'गृहीत धरणे'. आणि 'अभिप्रेत' बोलणाऱ्याच्या मनातलं: 'समितीला अभिप्रेत असलेला अर्थ'.

शब्दखूण: भर घालतो. मराठीत कर्ता सहज गळतो, कारण क्रियापदच त्याचा पत्ता देतं. 'उद्या येईन' म्हटलं की 'मी' सांगावा लागत नाही. गडबड होते ती एका जागेवर दोन नावं बसतात तेव्हा. 'रमेशने सुरेशला फोन केला तेव्हा लोकलमध्ये होता.' कोण होता? सुरेशच्या जागी सुनीता असती, तर 'होता'-'होती'ने निकाल लावला असता. इथे नाव लिहायलाच हवं.

गिरगावकर: मग मसुद्यातलं वाक्य चूक?

मुद्रितशोधक: चूक नाही. 'सांगायची गरज नाही' या सैल अर्थानेही 'अध्याहृत' रुळलाय. पण इतिवृत्तात तो नकोच, उद्या वाद झाला की प्रत्येक जण आपापलं अध्याहृत काढेल! सरळ लिहा: 'हा नियम भाडेकरूंनाही लागू राहील.'

शब्दखूण: आणि हा शब्द दुसरीकडे कुठे वापरलात तर 'अध्याह्रत' होऊ देऊ नका. 'ह्रस्व'मध्ये ह ला र जोडलाय, इथे ह ला ऋकार आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'ह'नंतर थेट = ची कळ, मध्ये हलन्त (पाय मोडण्याची खूण) नको.