धानाच्या बांधीत सारसाचं घरटं, निंदण कसं करू?

धुऱ्यावरचा, गोंदिया
मामा (माजी मालगुजारी) तलावाखाली दीड एकर धान आहे, चार बांध्या. रोवणी होऊन महिना झाला. परवा पाणी पाहायला गेलो, तर सारसाच्या जोडीनं मधल्या बांधीत काड्या उपटून खाटेपेक्षा रुंद ढीग घातलेला. वर दोन अंडी. मला पाहून एक पक्षी पंख पसरून अंगावरच आला. बाबांच्या लहानपणी तलावावर सारस नेहमीचे. आमच्या बांधीत मी पहिल्यांदाच पाहतोय. मोडायला हात धजत नाही. पण बायांचं निंदण ठरलंय, खोडकिड्याला दाणेदार औषधही टाकायचंय. मोठा भाऊ म्हणतो, ढीग उचलून धुऱ्यावर ठेव. चालेल का?

तलावकाठ
नका हलवू, दादा. धुऱ्यावर कुत्रं, कोल्हा सहज पोचतो. बांधीतलं पाणी हीच अंड्यांची राखण. तेवढ्या बांधीचं पाणी बाहेर सोडू नका. अंडी उबायला साधारण महिना लागतो. पिल्लं निघाली की एकदोन दिवसांत आईबापामागं चालू लागतात. दाणेदार औषध त्या बांधीत नकोच. ते पाण्यात उतरतं, आणि पिल्लं त्याच पाण्यातले किडे टिपतात. ट्रायकोकार्ड लावा, म्हणजे खोडकिड्याची अंडी संपवणाऱ्या मित्रकिड्यांचं कार्ड. आणि इथं फोटो किंवा गावाचं नाव टाकू नका. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः आपल्या गोंदियातच उरलेत.

निंदणवाली
भाऊ, मी दरवर्षी निंदणाला जाते. आम्ही बाया जवळ गेलो की पक्षी उठतो, अंडी उन्हात उघडी पडतात आणि कावळे टपलेलेच असतात. घरट्याभोवती वीसपंचवीस पावलं सोडून द्या. तेवढं तण राहिलं तर राहू द्या.

बांधीवाला
सगळं खरं, पण धान शेतकऱ्याचं जातं त्याचं काय?

धुऱ्यावरचा, गोंदिया
तुमचा प्रश्न मलाही होता, म्हणून धुऱ्यावरून अंदाज घेतला. ढीग आणि उपटलेली जागा मिळून बारा बाय बारा फूट. गुंठ्याचा सातवा हिस्साही नाही. तेवढं मी सोडलं. भावाला तसंच सांगितलं; दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच कुत्री हाकलायला गेला.

धुऱ्यावरचा, गोंदिया (चार आठवड्यांनी)
आज सकाळी मोहाच्या झाडावरून पाहिलं. एक पिल्लू निघालंय, पिवळसर तपकिरी, आईच्या पायांत घुटमळतंय. दुसरं अंडं अजून तसंच आहे. बांधीत पाणी घोट्याएवढं राखलंय.