उत्तर: बोटीचे लोड घरीच शिवताना

सोफ्याचं उरलेलं रेक्झिन चालेल का, असं विचारलंयत. बसायला चालेल, पण उन्हात दोन उन्हाळ्यांत तडकेल. मरीन व्हिनाइलच (बोटींसाठीचं रेक्झिनसारखं कापड) घ्या, त्यात अतिनील किरणं आणि बुरशी दोन्हींसाठी प्रक्रिया केलेली असते.

आम्ही मिशिगनला असतो. बोट हिवाळाभर झाकलेलीच, म्हणून मागच्या जानेवारीत कडेचे लोड काढून तळघरात आणले. जुनं कव्हर उसवलं तर आतला फोम पिळलेल्या फडक्यासारखा ओला, आणि प्लायवूड बोटाने टोकरलं की भुगा! स्टेपलच्या पिना गंजून डोकी तुटली, अर्धे पाय लाकडातच. सगळा वेळ तिथेच गेला, शिवण त्यापुढे किरकोळ.

जुनं कव्हर फेकू नका, शिवणीवर उसवून तेच कागदावर आखा. दोरा पॉलिएस्टरचा घ्या; सुती कुजतो. सुई १६ किंवा १८ नंबर, टाका साधारण ४ मिमी. बारीक टाके घातले तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पडून व्हिनाइल तिथेच फाटतं. (हे मी एक लोड वाया घालवून शिकलो. बायको अजून आठवण करून देते.) उसवलं तरी भोकं राहतात, म्हणून टाचण्यांऐवजी क्लिपा लावा.

नवं कव्हर फळीवर ताणताना हेअर ड्रायरने गरम करा, मधून सुरुवात करून कोपऱ्यांकडे जा. पिना स्टेनलेसच्याच, जमल्यास ३१६ ग्रेडच्या (गंजाला जास्त टिकणारं स्टेनलेस). आणि पाणी निघायला फळीच्या खालच्या बाजूला भोकं ठेवा.