पहिलं रेकॉर्डिंग घरीच केलेल्यांनो, लिहा

टिळकवाडी : आमचा चौघांचा रॉक बँड. गाणी मराठी, बेसवाला घरी कन्नड बोलणारा. पाच गाणी माळ्यावर बसून आम्हीच रेकॉर्ड केली. स्टुडिओत तासावर पैसे मोजताना माझे तरी हात आखडतात. पुण्या-बंगळूरच्या बँडबद्दल पुष्कळ वाचायला मिळतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांनी पहिली टेप, पहिली फाइल कशी केली ते कुठंच नाही. म्हणून हा धागा. सामान, चुका, सगळं लिहा.

वडगाव : आमच्या गल्लीत दिवसभर माग चालतात. माईक उघडला की खटखट आत. भिंतींना गोधड्या लावल्या. गोधडीनं खोलीतला घुमारा जातो, भिंतीपलीकडची खटखट जात नाही, हे तेव्हा कळलं. मग एक दिवस करंट गेला आणि सगळे माग एकदम गप्प! लॅपटॉप बॅटरीवर, ऑडिओ इंटरफेस (माईक-गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारा डबा) त्याच्याच यूएसबीवर चालणारा, गिटार थेट त्या डब्याला जोडली. ड्रमला तर करंट लागतच नाही. बॅटरी दीड तास पुरायची. त्या उन्हाळ्यात करंट गेला रे गेला की पोरं सायकली मारत आमच्याकडं. चार गाणी अशीच भरली. तिसऱ्याच्या शेवटी करंट आला, पहिला माग सुरू झालेला स्पष्ट ऐकू येतो. तो आम्ही कापला नाही.

खानापूर : जून ते सप्टेंबर रेकॉर्डिंगचं नावच काढायचं नाही. पत्र्यावरचा पाऊस सगळं गिळतो. आम्ही डिसेंबरात केलं.

शहापूर : मी गाते. आधी एका स्टुडिओत गेलो होतो. तिथं मला न विचारता माझा आवाज सुरात ‘सरळ’ केला, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, गेली. मूळ फाइली मागितल्या, मिळाल्या नाहीत. अजून वाईट वाटतं. तेव्हापासून सगळं घरी. आमचा फ्लोअर टॉम, म्हणजे ड्रमसेटमधला जमिनीवर उभा राहणारा मोठा ड्रम, वाजून झाला तरी घुमत राहायचा. बाबा भजनात पखवाज वाजवतात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावतात तशी कणीक मळून त्यांनी टॉमच्या कडेला चिकटवली, बोटानं दाबली, एक थाप मारली. ‘आता बघ की.’ घुमणं थांबलं होतं. कणीक वाळली की बदलायची, एवढंच.

निपाणी : माझं १९९४ सालचं. टॅस्कॅम कंपनीचं चार ट्रॅकचं, म्हणजे एकाच कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे भरणारं यंत्र १९७९ सालीच निघालं होतं. पण आमच्याकडं नुसते दोन साधे टेपरेकॉर्डर. एकावर गिटार आणि ताल भरायचा, ती टेप मोठ्यानं लावून वर गायचं, दुसऱ्यावर भरायचं. दर फेरीला सळसळ वाढायची. तिसऱ्या फेरीत झांजा गेल्याच. मामाच्या दुकानातल्या डबल डेकवर वीस कॅसेटी काढल्या, कव्हरं झेरॉक्सची. कोल्हापुरात एका कॉलेजच्या गॅदरिंगला सगळ्या खपल्या. माझ्याकडं एकही राहिली नाही. आमचा ड्रमर आता नाही, त्याचं वाजवणं फक्त त्या कॅसेटीत आहे. कुणाच्या माळ्यावर असेल तर कळवा. कॅसेट देऊ नका, नुसतं ऐकायला येतो.