मदत हवी आहे: वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये पहिलाच क्लास (पात्राचा प्रकार) कोणता घ्यावा?

हर्षु_पुणे
क्लासिक, म्हणजे या गेमची जुनी आवृत्ती, सुरू करतोय, कमाल लेव्हल ६० वालं. असा ऑनलाइन गेम आधी कधी खेळलेलो नाही. रोज रात्री दीड-दोन तास मिळतील, तेही बहुतेक एकट्याने. मित्र फक्त शनिवार-रविवारी येतो, त्याचा ऑर्क वॉरिअर आहे. पॅलाडिन सहजासहजी मरत नाही असं वाचल्यामुळे तोच घ्यायचा विचार होता. सर्व्हर युरोपातला, पिंग (सर्व्हरशी संपर्काला लागणारा वेळ) १५०-१७० मिलिसेकंद येतो. एकट्याला झेपेल आणि मित्रासोबतही चालेल असा क्लास सुचवा. नवखे कुठे अडकतात तेही सांगितलंत तर बरं होईल.

माळरान
पॅलाडिन इथेच बाद होतो. क्लासिकमध्ये तो फक्त अलायन्सकडे आहे, आणि मित्र ऑर्क म्हणजे होर्ड. दोन पक्षांतल्या खेळाडूंना एकत्र गट करता येत नाही. तुम्हीही ऑर्कच घेतलात तर वॉरिअर, हंटर, रोग, शामन आणि वॉरलॉक एवढे पाच क्लास उरतात.

त्यातला हंटर घ्या. लेव्हल १० ला पेट (पाळीव प्राणी) मिळतो, मॉब (गेममधला शत्रू) त्याच्यावर तुटून पडतो आणि तुम्ही लांबून बाण मारता. एकट्या नवख्याला यापेक्षा सुरक्षित काही नाही. तुमच्या पिंगलाही हेच सोयीचं. १५० च्या वर पिंग गेला की पळणारा मॉब पडद्यावर दिसतो तिथे नसतो, आणि जवळून मारणाऱ्याचे घाव लक्ष्य समोर नाही म्हणून वाया जातात. हंटरला हा त्रास फार कमी होतो.

वॉरिअर पहिला क्लास म्हणून नकोच. स्वतःला बरं करायची सोय नाही, सगळी भिस्त हातातल्या शस्त्रावर. आपल्यापेक्षा दोन-तीन लेव्हल वरचा मॉब आला की घाव चुकायला लागतात, आणि जवळजवळ प्रत्येक लढाईनंतर बसून खावं लागतं. मित्राला विचारा, तोही हेच सांगेल.

हर्षु_पुणे
धन्यवाद! पण मित्र म्हणतो शामन घे, तो त्याला बरं करू शकेल.

काळी_मांजर
मित्राचं चूक नाही. वॉरिअरला शामनइतका चांगला जोडीदार होर्डमध्ये नाही. टोटेम म्हणजे जमिनीत रोवायचा, आसपासच्या साथीदारांना बळ देणारा खांब: लेव्हल १० ला स्ट्रेंग्थ ऑफ अर्थ टोटेम, ३२ ला विंडफ्युरी टोटेम, शिवाय हीलिंग. पण तुम्ही आठवड्याचे पाच दिवस एकटे खेळणार आहात, निवड त्या पाच दिवसांसाठी करा.

एकट्या शामनला माना (मंत्रांसाठीची शक्ती) फार जपावी लागते. टोटेमचा परिणाम साधारण २० यार्डांपर्यंतच, त्यामुळे मित्र पुढे धावला की तुमचे टोटेम मागेच राहतात आणि पुन्हा माना खर्चून लावावे लागतात. अर्थ शॉक या मंत्राने मॉबचं लक्ष जोरात तुमच्याकडे वळतं, हेही नवख्याला उशिरा कळतं. त्यात टोटेमसाठी लेव्हल ४, १०, २० आणि ३० ला वेगवेगळ्या क्वेस्ट (कामगिऱ्या). पाण्याच्या टोटेमची क्वेस्ट तर चांगलीच पायपीट करायला लावते. दुसरं कॅरेक्टर म्हणून शामन जरूर घ्या.

वॉरलॉक हा हंटरला खरा पर्याय. लेव्हल १० ला व्हॉइडवॉकर हा मंत्राने बोलवायचा राक्षस येतो आणि मार झेलतो. पण त्याला बोलवायला दर वेळी एक सोल शार्ड (आत्म्याचा तुकडा) लागतो, आणि शार्ड बॅगेतली जागा खातात. तुम्ही एकदम दोन-तीन हळूहळू मारणारे मंत्र लावलेत तर मॉब व्हॉइडवॉकरला सोडून तुमच्याकडे येतो, अंगावर असतं फक्त कापड. फिअर लेव्हल ८ ला मिळतं. त्याने घाबरलेला मॉब पळत जाऊन शेजारचे दोघे घेऊन परततो. गुहेत तर फिअर टाळलेलंच बरं. याची भरपाई म्हणजे लेव्हल ४० ला घोडा जवळपास फुकट मिळतो, तेव्हा बाकीच्यांना सोनं साठवत बसावं लागतं.

हर्षु_पुणे
ठरलं, हंटर. आता तो नीट कसा खेळायचा ते सांगा. ऑर्क घेऊ की ट्रोल?

माळरान
दोन्ही चालतील. ऑर्कच्या पेटला ५ टक्के जास्त नुकसान करता येतं, ट्रोलला धनुष्याचं कौशल्य ५ ने जास्त. दोघंही ड्युरोटार या प्रदेशात सुरू होतात, म्हणून पुढची वाट सारखीच.

लेव्हल ९ पर्यंत पेट नसतो, तो काळ थोडा कंटाळवाणा जातो. १० झालात की रेझर हिल गावात थोटार या हंटर ट्रेनरकडे जा. तो तीन प्राणी पकडायला लावतो: रानडुक्कर, किनाऱ्यावरचा खेकडा आणि विंचू. हे प्राणी तात्पुरते आहेत, त्यांच्यात जीव गुंतवू नका. मग होर्डची राजधानी ऑर्ग्रिमारला ओर्माक ग्रिमशॉटकडे पाठवलं जातं, तिथे पेटला खाऊ घालणं आणि शिकवणं येतं. इथे बरेच जण चुकतात. तिसरा प्राणी झाला की ऑर्ग्रिमारला न जाताच फिरत बसतात आणि पेट उपाशी राहिला म्हणून विचारत येतात.

स्वतःचा पहिला पेट म्हणून रानडुक्कर पकडा. ते मांस, मासे, पाव, चीज, फळं, अळंबी सगळं खातं. मांजरवर्गाला मांस आणि मासेच लागतात. पकडायला २० सेकंद लागतात आणि तेवढा वेळ प्राणी तुम्हाला मारत असतो, म्हणून पूर्ण हेल्थवर सुरू करा. प्राण्याची लेव्हल तुमच्यापेक्षा जास्त असेल तर तो पकडता येत नाही.

तिरंदाज_७
माळरान यांनी सगळं बरोबर सांगितलंय, लढाईचं मी लिहितो.

पेट ट्रेनर हंटर ट्रेनरच्या आसपासच उभा असतो. त्याच्याकडून ग्राउल या पेटच्या कौशल्याची नवी पायरी शिका आणि बीस्ट ट्रेनिंग उघडून ती पेटला द्या. तुम्ही शिकलात म्हणजे पेट शिकला असं होत नाही. ग्राउलवर उजवं क्लिक करून ते आपोआप चालू ठेवा. त्यानेच मॉबचं लक्ष पेटवर राहतं.

क्रम असा: हंटर्स मार्क (लक्ष्यावरची खूण) लावा, पेटला पाठवा, ग्राउल एक-दोनदा होईपर्यंत ५-६ सेकंद थांबा, मग सर्पंट स्टिंग (विषारी बाण), आणि नंतर ऑटो शॉट (आपोआप सुटणारे बाण) चालू द्या. आर्केन शॉटची घाई करू नका, माना पटकन संपते. ऑटो शॉट सुटताना उभं राहावं लागतं. सतत हलत राहिलात तर बाण सुटतच नाही, आणि धनुष्य बिघडलंय असं वाटतं.

५ ते ८ यार्डांच्या मधला पट्टा लक्षात ठेवा. तिथे ना बाण चालतो ना कुऱ्हाड. मॉब अंगावर आला तर एकतर त्याला पूर्ण चिकटून रॅप्टर स्ट्राइक मारा, नाहीतर कन्कसिव्ह शॉटने त्याचा वेग आधीच कमी करून लांब राहा. लेव्हल १२ ला विंग क्लिप (वेग कमी करणारा जवळचा घाव) आलं की सुटका सोपी होते. पेटला बरं करणारं मेंड पेटही त्याच लेव्हलला मिळतं.

पेट आनंदी असेल तर १२५ टक्के नुकसान करतो, नाराज असेल तर ७५. मेला की आनंद बराच घसरतो. नवा पेट फार काळ नाराज ठेवलात तर तो पळूनही जातो. क्विव्हर (बाणांचा भाता) भरलेला ठेवा: सुरुवातीच्या ६ कप्प्यांच्या क्विव्हरमध्ये प्रत्येकी २०० प्रमाणे १,२०० बाण मावतात, आणि तो लावल्याने बाण सोडण्याचा वेगही वाढतो.

टॅलेंट पॉइंट पहिल्यापासून बीस्ट मास्टरी या पेटला बळ देणाऱ्या शाखेत टाका. आधी इम्प्रूव्ड ॲस्पेक्ट ऑफ द हॉकचे ५ पॉइंट, पुढे अनलीश्ड फ्युरी, आणि सरळ गेलात तर लेव्हल ४० ला बेस्टियल राथ. चुकलं तरी पहिल्यांदा बदलायला १ गोल्डच लागतं, दुसऱ्यांदा मात्र ५.

काळी_मांजर
एक राहिलं. गाइड वाचताना ते कुठल्या आवृत्तीचं आहे ते पाहा. २०१० मध्ये कॅटाक्लिझम या नव्या आवृत्तीच्या वेळी हंटरची माना आणि बाण काढून टाकले, आणि २०११ मध्ये पेटचा आनंदही. त्यानंतरचं गाइड हाती लागलं तर खाऊ आणि बाणांचा उल्लेखच सापडणार नाही.

हर्षु_पुणे
मित्रासोबत डंजनमध्ये (गटाने खेळायच्या तळघरात) गेलो तर पेटचं काय करायचं?

तिरंदाज_७
ग्राउल बंद आणि पेट पॅसिव्हवर. मॉबचं लक्ष वॉरिअरवर राहायला हवं, पेट ते ओढून घेतो आणि हीलरची धावपळ होते. पॅसिव्हवर पेट सांगितल्याशिवाय हल्ला करत नाही, म्हणून मित्राने मारायला सुरुवात केली की तुम्हीच त्याला पाठवा.

आणि कड्यावरून खाली उडी मारायच्या आधी पेटला डिसमिस करा. त्याला उडी मारता आली नाही तर तो लांबच्या वाटेने धावत येतो आणि वाटेतले सगळे मॉब गोळा करून आणतो. डिसमिसला ५ सेकंद लागतात, गटाला तेवढं थांबायला सांगा.