तिसऱ्या ग्रेडची मूळव्याध: बँडिंग, लेझर की स्टेपलर?

पाषाणकर
वडील, वय ६४. शौचाला बसलं की दोन मोड बाहेर येतात, बोटाने आत ढकलावे लागतात. रक्त थेंब थेंब पडतं. कोलोनोस्कोपीत बाकी काही निघालं नाही. हृदयात स्टेंट आहे, क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू. एका सर्जननी लेझर सांगितलंय, दुसऱ्यांनी स्टेपलर. बँडिंगचं नाव दोघांनीही काढलं नाही. का?

कातरवेळ
क्लोपिडोग्रेलमुळे असावं. बँडिंगमध्ये मोडाच्या मुळाशी रबरी कडं चढवतात, रक्तपुरवठा तुटतो आणि मोड ५ ते १० दिवसांत गळून पडतो. धोका त्या दिवशी नसतो, मोड गळताना असतो. तेव्हा रोगी घरी आणि रक्त पातळ. गोळी दोनेक आठवडे बंद ठेवायची तर स्टेंट केव्हा टाकलाय हे बघून हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं, सर्जननी नाही. तुम्ही तर नाहीच नाही.

ही अडचण नसती तर लहान मोडांना आधी बँडिंगच. भूल लागत नाही, कारण कडं दंतुर रेषेच्या (गुदमार्गातली सीमारेषा, जिच्या खालचा भाग दुखरा असतो) वर बसतं आणि तिथे दुखणं जाणवत नाही. रेषेवर बसलं तर रोगी टेबलावरच ओरडतो. कडं तिथल्या तिथे कापून काढावं लागतं. पुन्हा होण्याचं प्रमाण मात्र जास्त. ब्रिटनमधल्या २०१६च्या हबल चाचणीत वर्षभरात बँडिंगनंतर ४९ टक्के, डॉपलरने (ध्वनिलहरींनी) मोडाची धमनी शोधून बांधल्यावर ३० टक्के. पण गरजेप्रमाणे दुसऱ्यांदा बँड लावणं धरलं तर आकडा ३७.५ वर येतो, आणि खर्च किती कमी!

टाकाटोच
लेझर म्हणजे काय करणार, ते आधी विचारा. मोडात फायबर घालून आतून आटवणार, की लेझरनेच मोड कापणार? कापणार असतील तर जखम नेहमीच्या ऑपरेशनचीच, दुखणंही तेवढंच. पाटीवर नाव तेवढं वेगळं.

आटवण्याच्या पद्धतीत गुदद्वाराशी बारीक छेद घेऊन १४७० नॅनोमीटरचं फायबर मोडात सरकवतात. जखम नगण्य. ऊर्जा कमी पडली तर मोड आटत नाही, जास्त झाली तर वरचं अस्तर भाजून व्रण पडतो. सगळा खेळ हाताचा. शिवाय मोड आटला तरी सैल पडलेलं अस्तर वर ओढलं जात नाही, म्हणून मोठा, लोंबणारा मोड असेल तर नुसत्या लेझरवर माझा भरवसा कमी.

स्टेपलर ते अस्तर वर ओढतो. रेषेच्या ३-४ सेंमी वर गोल टाका घालून अस्तराचं कडं कापतात आणि पिनांनी जोडतात. दुखणं कमी. पण टाका खाली आला तर दुखणं महिनोन्‌महिने राहतं, सारखी घाईची लागते. पिनांच्या रेषेतून रक्त आलं तर तिथेच टाके घालावे लागतात. मोड पुन्हा बाहेर येण्याचं प्रमाण कापून काढण्यापेक्षा जास्त, हेही सांगायला हवं. आणि बाहेरचे कातडीचे लोंब तसेच राहतात.

पाषाणकर
बाहेर एका बाजूला लोंब आहे, पण दुखत नाही.

कातरवेळ
मग ते राहू द्या. दुखत नसलेलं कातडं कापलं तर जखम दुखऱ्या भागात होते.

पाठीतून भूल देणार असतील तर क्लोपिडोग्रेल किती दिवस आधी थांबवायची ते भूलतज्ज्ञांनाही विचारा. ती थांबवताच येत नसेल तर रक्तापुरतं पॉलिडोकॅनॉलचं (मोड आकसवणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन होऊ शकतं का, हे विचारा. मात्र बाहेर येणारा मोड त्याने जाईलच असं नाही. या वयात प्रोस्टेट वाढलेला असतो, भुलीनंतर लघवी तुंबते. त्याची कल्पना आधीच द्या.

टाकाटोच
एक राहिलं: विम्याची पॉलिसी नवी असेल तर तपासा. मूळव्याधीला बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं.

आणि ऑपरेशननंतर ताप, वाढत जाणारं दुखणं आणि लघवी अडकणं ही तिन्ही एकत्र आली तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखान्यात न्या. इन्फेक्शन आत पसरल्याचं ते लक्षण असू शकतं.