छत्री उलटते तशी
प्रश्न असा आहे: नायट्रोजनवर तीन वेगळे गट असले तरी त्याची एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली दोन रूपं सहसा वेगळी काढता येत नाहीत, मग फॉस्फरसची कशी येतात? फरक उलटण्यात आहे. अमाइन, म्हणजे असा नायट्रोजनचा रेणू, वाऱ्यातल्या छत्रीसारखं क्षणात उलटतं. फॉस्फिनला, म्हणजे तशाच फॉस्फरसच्या रेणूला, त्यासाठी मोलमागे साधारण ३० किलोकॅलरी लागतात, म्हणून खोलीच्या तापमानाला दोन्ही रूपं टिकतात. रसायनशास्त्रज्ञ विल्यम नोल्स यांनी याच जोरावर डायपॅम्प हे एकाच रूपातलं फॉस्फिन ऱ्होडियम धातूला जोडून एल-डोपा हे पार्किन्सनवरचं औषध ९५ टक्के ईईने (एका रूपाचं दुसऱ्यावरचं आधिक्य) मिळवला. २००१च्या नोबेलमधला त्यांचा वाटा याच कामाचा.

मला मात्र पुढचा भाग जास्त भावतो. फॉस्फरस पॅलेडियम किंवा प्लॅटिनमला फॉस्फिडो म्हणून (दोन गट सांभाळत थेट धातूला बांधलेला) जोडला की तो पुन्हा भराभर उलटू लागतो. त्यातलं एक रूप लवकर पुढे गेलं, तर रेसेमिक, म्हणजे दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असलेल्या, मालातूनही बहुतांश एकच रूप हाती येतं. अर्धा माल टाकावा लागत नाही!

एक कळकळीचं सांगणं: या कामाला लागणारं सेकंडरी फॉस्फिन (फॉस्फरसवर दोन गट आणि एक हायड्रोजन) हवेला फार नाजूक. आमच्या कोल्हापुरात ऐन पावसाळ्यात माझा आरगॉनचा फुगा रात्रीत बसला, आणि सकाळी टीएलसीवर (मिश्रणातले घटक ठिपक्यांनी दाखवणारी पट्टी) तळाला चिकटलेला ऑक्साइडचा ठिपका तेवढा दिसला. फुगे दोन लावा, आणि सॉल्व्हंट त्याच दिवशी डीगॅस करा, म्हणजे त्यात विरघळलेली हवा काढा.